पुण्यात जडलेले तंत्राचे छंद आणि त्यापायी झालेली भटकंती

गच्चीवरून

नोआ-१५ हा हवामान-उपग्रह ऑगस्ट २०२५ मध्ये कायमचा बंद करण्यात आल्याचे वाचले आणि त्याच रात्री मी माळ्यावरून ॲल्युमिनियमच्या दोन कांड्या खाली काढल्या. प्रत्येकी ५३ सेंटिमीटर लांबीच्या या कांड्या एका लाकडी पट्टीवर १२० अंशांच्या कोनात बसवलेल्या आहेत. हा माझा अँटेना. तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणलेली केबल आणि संगणकाला लावायचा बोटाएवढा एसडीआर डोंगल, म्हणजे संगणकाला रेडिओ बनवणारा छोटा ग्राहक, एवढ्या सामग्रीवर १३७.६२ मेगाहर्ट्झवरचा त्या उपग्रहाचा आवाज पुण्यातल्या गच्चीवर ऐकू येत असे. सेकंदाला दोन ओळी या गतीने तो चित्र पाठवायचा आणि डोक्यावरून जाताना जेमतेम पंधरा मिनिटे मिळायची.

२ जून २०२० ची संध्याकाळ मी विसरू शकत नाही. टाळेबंदीमुळे रस्ते शांत होते, आणि पडद्यावर एकेक ओळ उमटत असताना अरबी समुद्रावर गोल फिरलेले ढग दिसू लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले आणि आमच्या गल्लीतला गुलमोहर पडला. ज्या वादळाने तो पाडला, त्याचे छायाचित्र मी आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने उतरवून घेतले होते, ही जाणीव अंगावर काटा आणणारी होती.

पुढे लक्षात आले, की आमच्या गच्चीवर चित्रात येणारे आडवे पट्टे शेजारच्या एलईडी दिव्यांच्या आणि चार्जरच्या विद्युत गोंगाटामुळे येतात. तेव्हापासून हा अँटेना पाठपिशवीत घालून मी ताम्हिणी, पुरंदर, हरिहरेश्वर अशी ठिकाणे पालथी घातली. माझे प्रवास गोंगाटापासून दूर जाण्यासाठी होत गेले. किल्ला आणि समुद्र हे सोबत मिळालेले दान होते. आपल्यापैकी कोणाला पुण्यात असाच एखादा तांत्रिक छंद जडला असेल आणि त्याने तुम्हांला शहराबाहेर नेले असेल, तर ते अनुभव येथे अवश्य लिहावेत.

दूरचे कान

गोंगाटापासून दूर जाण्याचा उल्लेख वाचला आणि खोडद आठवले. नारायणगावजवळचे हे गाव पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर आहे. जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण तेथे उभारण्यामागे हेच कारण होते, की मानवनिर्मित रेडिओ-गोंगाट कमी हवा आणि भोवती डोंगरांचा आडोसा हवा. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या एकूण ३० डिश. त्यांतल्या १४ मध्यभागी एक चौरस किलोमीटरच्या परिसरात आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर, अशा सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात पसरलेल्या आहेत.

विज्ञान दिनाच्या निमित्ताने मी तेथे प्रथम गेलो, तेव्हा फाटकावरच मोबाईल बंद करायला लावले. डिशखाली उभा राहून वर पाहिले, तर तिच्यातून आकाश आरपार दिसत होते. मी बराच वेळ मान वर करून तसाच उभा होतो. माझ्या कल्पनेतली दुर्बीण भरीव पत्र्याची होती, आणि ही पोलादी दोरांवर ताणून बसवलेल्या अर्ध्या मिलिमीटरच्या तारेची जाळी निघाली. मध्यभागी जाळीचे घर १० मिलिमीटरचे, तर कडेला २० मिलिमीटरचे आहे. रेडिओ लहरींची लांबी २१ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असल्याने त्यांच्या दृष्टीने ही जाळी आरशासारखीच सलग असते. वारा मात्र तिच्यातून निघून जातो. त्यामुळे सांगाडा हलका झाला आणि खर्च आवाक्यात आला. ही दुर्बीण साकारणारे शास्त्रज्ञ प्रा. गोविंद स्वरूप यांच्या या कल्पनेपुढे मी अक्षरशः हात जोडले. काटकसर हे अभियांत्रिकीचे सौंदर्य असू शकते, हे मला महाविद्यालयाच्या चार वर्षांत कोणी दाखवले नव्हते.

वारा फार वाढला तर काय करता, असे मी तेथील एका तंत्रज्ञांना विचारले होते. सर्व डिश सरळ वर तोंड करून स्थिर केल्या जातात, असे त्यांनी सांगितले. तेव्हापासून वळवाचा वारा सुटला, की वर पाहत उभ्या राहिलेल्या त्या तीस डिश माझ्या नजरेसमोर येतात.

कन्याराशी

माझ्या मुलीला सातवीत असताना तेथे नेले होते. परतीच्या वाटेवर तिने विचारले, की दुर्बिणीला कान म्हणायचे की डोळा. मला अजून उत्तर सुचलेले नाही.

दूरचे कान

@कन्याराशी, आपल्या मुलीचा प्रश्न फार सुंदर आहे. मी घेतलेले टोपणनाव हेच माझे उत्तर समजावे.

सात-तीन

छतावरच्या अँटेनाचा विषय निघाला म्हणून लिहितो. १९७३ मध्ये सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आमच्या पेठेत ज्यांच्याकडे संच होता, त्यांच्या कौलांवरचे सर्व अँटेना नैर्ऋत्येला तोंड करून असत. वडिलांनी मला सांगितले, की तिकडे गड आहे. दिशा ओळखायला मी सूर्याच्या आधी अँटेनावरून शिकलो.

त्यातूनच पुढे हौशी रेडिओचे, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून स्वतःच्या संचावरून इतरांशी बोलण्याचे वेड लागले. मोर्सची टिंब-रेघांची लिपी शिकून परीक्षा दिली आणि व्हीयू या अक्षरांनी सुरू होणारे माझे स्वतःचे संकेतनाव हाती आले, तो दिवस मला नोकरीच्या पहिल्या दिवसापेक्षा मोठा वाटतो. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहरी साधारण दृष्टिरेषेत जातात. त्यामुळे पेठेतल्या वाड्यातून ज्या हातसंचाचा आवाज पर्वतीपलीकडे जात नसे, तोच संच १३१२ मीटर उंचीच्या सिंहगडावर नेल्यावर महाबळेश्वरला असलेल्या मित्राशी स्पष्ट बोलू लागला. वाऱ्यामुळे मला त्याचे काही शब्द ऐकू आले नाहीत, परंतु शेवटी त्याने ‘सेव्हन्टी थ्री’ म्हटलेले नीट ऐकले. हौशी रेडिओचालक निरोप घेताना एकमेकांना हेच म्हणतात. तो मित्र आता नाही. गडावर गेलो, की अजूनही संच सुरू करून थोडा वेळ ऐकत बसतो.

गच्चीवरून

@सात-तीन, आपला प्रतिसाद वाचून थांबलो आणि पुन्हा वाचला. आपले संकेतनाव कधी ऐकू आले, तर उत्तर नक्की देईन.

घाटमाथा

माझा छंद रेल्वे इंजिनांचा आहे. कर्वे रस्त्यावरील जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात लहानपणी पहिल्यांदा गेलो आणि छोट्या सिग्नलच्या इशाऱ्यावर गाडी थांबते हे पाहून तेथून हलेना. तेव्हापासून बोरघाट हे माझे तीर्थ आहे. कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे मागून रेटा देणारी इंजिने जोडली जातात, कारण पुढे चढ ३७ मीटरला एक मीटर इतका तीव्र आहे; लोणावळ्यात ती सुटतात. पुणेकर हा प्रवास कर्जतच्या वड्याने मोजतात, मी मात्र मागून बसणाऱ्या त्या पहिल्या हलक्या धक्क्याने मोजतो.

येथे सगळे ऐकण्याविषयी लिहीत आहेत, म्हणून एक आठवण सांगतो. लांब नाकाड्याची जुनी डब्ल्यूसीजी-१ ही विजेवरची इंजिने उभी असताना कण्हल्यासारखा आवाज करीत, आणि धावू लागली, की त्यांच्या चाकांना जोडलेल्या दांड्यांचा सळसळाट ऐकू येई. रेल्वेतले लोक त्यांना खेकडा म्हणत. एका निवृत्त चालकांनी मला तो आवाज तोंडाने काढून दाखवला होता. तो ध्वनिमुद्रित करून ठेवला नाही, याचे वाईट वाटते. छायाचित्रे पुष्कळ जणांकडे आहेत, आवाज फार थोड्यांकडे असावेत.

सव्वा मिलिमीटर

आम्ही चार मित्रांनी १९९४ च्या पावसाळ्यात दुर्बिणीचा १५० मिलिमीटरचा आरसा घासायला घेतला. पिंपावर ठेवलेल्या काचेवर काच, मध्ये कार्बोरंडमची, म्हणजे काच झिजवणारी कठीण पूड आणि पाणी. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो, की १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या आरशाच्या मध्यभागी सव्वा मिलिमीटरपेक्षाही कमी खोलगटपणा लागतो. तेवढ्यासाठी आम्ही कित्येक आठवडे पिंपाभोवती फेऱ्या मारल्या. अखेरचा आकार दाढीचे पाते आणि एक बारीक दिवा यांच्या मदतीने तपासला. अशा तपासणीत आरशावर अंगठा टेकवून उचलला, तर त्या उबेने आलेला उंचवटा काही मिनिटे दिसत राहतो. आपल्या बोटाच्या उबेने काच फुगते, हे डोळ्यांनी पाहण्यासारखा दुसरा आनंद मला माहीत नाही.

तीच दुर्बीण घेऊन आम्ही २४ ऑक्टोबर १९९५ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी राजस्थानात नीम का थाना येथे गेलो. दिवाळीतली अमावास्या होती आणि घरचे नाराज होते. खग्रास स्थिती मिनिटभरही टिकली नाही. मी दुर्बिणीला डोळा लावलाच नाही, नुसता वर पाहत राहिलो.

आता पुण्यातल्या आमच्या गच्चीवरून आकाशगंगा दिसत नाही, म्हणून महिन्यातून एकदा मुळशीच्या पलीकडे जातो. आरसा तोच आहे; मध्ये एकदा त्यावर ॲल्युमिनियमचा नवा थर चढवून घेतला.

उत्तरध्रुव

@गच्चीवरून, तुमच्या कांड्या माळ्यावर परत ठेवू नयेत. रशियाचे मेटिऑर-एम मालिकेतले उपग्रह याच १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चित्रे पाठवतात. त्यांचा संदेश अंकीय आहे, त्यामुळे संगणकप्रणाली वेगळी लागेल, पण अँटेना हाच चालेल आणि चित्र नोआपेक्षा अधिक रेखीव येईल.

गच्चीवरून

@उत्तरध्रुव, मनापासून आभार. काल सकाळी पानशेतच्या बाजूला जाऊन प्रयत्न केला. पहिल्या फेरीत काहीच उमटले नाही, कारण केबलचे टोक सैल होते. दुसऱ्या फेरीत गुजरातपासून केरळपर्यंतचा सगळा किनारा आला.