टांझानियातील साखर कारखान्यात नोकरी : कुटुंब सोबत न्यावे का?

प्रश्न : कृष्णाकाठचा केमिस्ट

नमस्कार. मी वाळवा तालुक्यातला असून गेली नऊ वर्षे सांगली जिल्ह्यातील एका सहकारी साखर कारखान्यात मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट म्हणून काम करतो आहे. टांझानियातील मोरोगोरो भागातल्या एका कारखान्याकडून मला दोन वर्षांच्या कराराचा प्रस्ताव आला आहे. कॉलनीत घर, वर्षातून एकदा जाण्यायेण्याचे तिकीट आणि डॉलरमध्ये पगार, असे त्याचे स्वरूप आहे. कामाची मला धास्ती नाही, कारण पॅनवरची साखर कुठेही गेले तरी साखरच. प्रश्न आहे तो कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या जगण्याचा. पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी यांना पहिल्यापासून सोबत न्यावे, की आधी एकट्याने जाऊन पाहावे? मलेरियाची घरात फार भीती आहे, आणि आईचे म्हणणे असे की तिकडे भाकरीसुद्धा मिळायची नाही. जे तिथे प्रत्यक्ष राहिले आहेत त्यांनीच कृपया लिहावे. व्हिडिओ मी पुष्कळ पाहिले, त्यांत एक तर सिंह असतात नाही तर दरोडे.

उत्तर १ : कराडकर

टांझानियात माझे हे सातवे वर्ष आहे. आधी एकट्याने या, हे माझे स्पष्ट मत. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे पहिल्या तीन महिन्यांत कामापुरती तरी स्वाहिली बोलायला शिका. भारतीय अधिकाऱ्यांच्या कॉलनीत हिंदीवर वर्षानुवर्षे निभावते, आणि म्हणूनच बरेच जण आले तसेच परत जातात.

माझी स्वतःची फजिती सांगतो. पहिल्याच आठवड्यात शेतावरच्या मुकादमाने मला 'सा म्बिली' वाजता ऊस पाहायला बोलावले. म्बिली म्हणजे दोन एवढे मला ठाऊक होते, म्हणून जेवण उरकून दुपारी दोनला पोचलो, तर तो बिचारा सकाळी आठपासून बांधावर बसून होता. इथे तास मोजतात ते सूर्योदयापासून : सकाळचे सात म्हणजे एक, आठ म्हणजे दोन. विषुववृत्त जवळ असल्याने सूर्य वर्षभर जवळपास एकाच वेळी उगवतो, त्यामुळे हा हिशेब कधी बिघडत नाही. आपल्याकडे 'दिवस कासराभर वर आला' म्हणतात, त्याच जातीचे हे मोजमाप आहे. युक्ती अशी की, तासकाटा ज्या आकड्यावर असेल त्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा.

भाषा वाटते तितकी परकी नाही. दुकानाला 'दुका', साबणाला 'सबुनी', हिशेबाला 'हेसाबू', विम्याला 'बिमा', आंब्याला 'एम्बे', गाडीला 'गारी' म्हणतात. शब्दांपेक्षा रीत सांभाळणे अवघड आहे. पाळीवर गेल्या गेल्या 'पंप का बंद?' असे विचारले तर उत्तर मिळेल, पण तुम्ही मनातून उतराल. आधी रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, ही विचारपूस व्हावी लागते. वयाने मोठ्या माणसाला 'शिकामो' म्हणायचे, त्यावर तो 'माराहाबा' म्हणतो. आपला वाकून केलेला नमस्कार आणि त्यावरचा आशीर्वाद, असेच ते समजा.

गाळपाचे वेळापत्रकही वेगळे आहे. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास गव्हाणीत मोळी पडते. इथे मार्च ते मे हा मोठा पाऊस, ज्याला 'मसिका' म्हणतात, त्या काळात शेतातले रस्ते चालत नाहीत, म्हणून दुरुस्तीची कामे तेव्हाच निघतात. रजाही बहुधा त्याच सुमारास मिळते, म्हणजे गावाकडच्या यात्रा चुकणार नाहीत. कुटुंबाला आणायचे तर जूनमध्ये आणा.

उत्तर २ : मिरजेची लेक

आपल्या आईंना सांगा, भाकरी मिळते, पण ती कमवावी लागते. इथे ज्वारीला 'म्तामा' म्हणतात आणि डोडोमा, सिंगिडा या कोरड्या भागांत ती पिकते. बाजारातले तयार पीठ अनेकदा तांबड्या ज्वारीचे, भरड आणि विरी गेलेले असते. मी पहिल्यांदा भाकरी थापली तेव्हा ती परातीतच चार ठिकाणी चिरली. आता मी दाणे घेऊन गिरणीत दळून आणते, आणि पाण्याला उकळी आणून उकड काढून मळते. गिरणीवाल्याला मक्याचे पीठ दळायची सवय असते, कारण उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, हे इथले रोजचे जेवण, त्यामुळे 'अजून बारीक' हे शब्द मला सर्वांत आधी शिकावे लागले. तुरीला 'म्बाझी' म्हणतात आणि ती इथून भारतात मोठ्या प्रमाणावर जाते, त्यामुळे डाळीची चिंता नको. चपाती तर इथल्या लोकांची स्वतःचीच झाली आहे. जे मिळत नाही ते म्हणजे आपला कांदा-लसूण मसाला. तो मात्र डब्यात भरून आणा, कॅरीबॅगेत गाठ मारून नव्हे, कारण १ जून २०१९ पासून इथे प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि ती बाहेरून येणाऱ्यांनाही लागू होते.

मलेरियाची भीती खोटी नाही, तरी तिला नियमात बांधता येते. मच्छरदाणी रोज, अगदी पंखा असला तरी. आणि ताप आला की 'उद्या बघू' न म्हणता त्याच दिवशी रक्त तपासायचे. इथला मलेरिया मुख्यतः फॅल्सिपेरम या घातक जातीचा असतो आणि तो लहान मुलांत फार झपाट्याने वाढतो. रजेवर सांगलीला गेल्यावर, अगदी महिन्याभरानेही, ताप आला तर डॉक्टरांना आपण आफ्रिकेतून आलो आहोत हे पहिल्या वाक्यात सांगा. माझ्या पतींनी ते सांगितले नाही आणि चार दिवस व्हायरल तापाची औषधे घेत बसले.

शाळेची चौकशी मात्र निघण्यापूर्वी करा. सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिली माध्यमाच्या असतात. इंग्रजी माध्यमाची खासगी शाळा कॉलनीपासून किती दूर आहे, यावर मुलीला केव्हा आणायचे ते ठरेल.

उत्तर ३ : विटेकर

आमच्या खानापूर-आटपाडीकडची गलाई मंडळी, म्हणजे सोने-चांदी गाळणारे कारागीर, पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहत आली आहेत, तेव्हा दूर जाण्याचे भय मी घालणार नाही, कागदांचे घालतो. मी पूर्व आफ्रिकेत तीन वर्षे काढली. माझ्या करारात पगार डॉलरमध्ये लिहिला होता, पण हातात पडला तो स्थानिक शिलिंगमध्ये आणि कंपनीने ठरवलेल्या दराने. वर्षअखेर हिशेब केला तेव्हा किती गळाले ते कळले. आपल्या करारात रक्कम, दर आणि भारतात पैसे पाठवण्याची पद्धत लिहून घ्या. टांझानियात नोकरीसाठीचा निवास परवाना 'ब' वर्गाचा असतो आणि कामाचा परवाना वेगळा. दोन्ही मालकाने काढायचे असतात. व्हिजिट व्हिसावर या, मग पाहू, असे कोणी म्हटले तर येऊ नका. भारतातल्या बँकेला कळवून बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचे, करून घ्यावे लागते.

विमान नैरोबी किंवा आदिस अबाबावरून असेल तर पिवळ्या तापाची लस निघण्यापूर्वी किमान १० दिवस आधी, सरकारने नेमलेल्या केंद्रावरच घ्या. एकदा घेतली की ती जन्मभर चालते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. आधी एकट्याने जायचे आणि जूनमध्ये दोघींना न्यायचे, असे घरात ठरते आहे. कराराचा मसुदा परत पाठवला आहे. आता एकच शंका : वीज आणि फोन यांचे कसे? आई रोज बोलल्याशिवाय झोपत नाही.

कराडकर

वीज प्रीपेड असते, तिला 'लुकू' म्हणतात. मोबाइलवरून पैसे भरले की २० अंकी आकडा येतो, तो मीटरवर दाबायचा. रात्री अंधारात टॉर्च तोंडात धरून तो दाबताना एक अंक चुकला की पुन्हा पहिल्यापासून, म्हणून शिल्लक दहा युनिटांच्या खाली जाऊ देऊ नका. सिमकार्ड पासपोर्ट आणि बोटांचे ठसे देऊन मिळते. वेळेचे म्हणाल तर भारत अडीच तास पुढे आहे. आपली पाळी संध्याकाळी सहाला सुटली की वाळव्यात साडेआठ झालेले असतात. फाटकाबाहेर पडतानाच फोन लावा, घरी जाऊन अंघोळ करून मग नको.