फ्रेल्टी आणि डिमेन्शिया: संघाच्या तपासणीत नेमकं काय मोजावं?

कोथरूडकर

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर वर्षी रक्तदाब, साखर आणि वजन तपासतो. सभासद साधारण ६५ ते ८८ वयाचे. या वेळी कार्यकारिणीत दोन तट पडलेत. एक गट म्हणतो स्मरणशक्तीची चाचणी ठेवा, लोकांना भीती तिचीच आहे. दुसरा म्हणतो अंगातला अशक्तपणा मोजा, कारण फ्रेल, म्हणजे वयामुळे खंगलेल्या, माणसाला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होण्याची शक्यता जास्त असते. जाणकारांना तीन प्रश्न:

१. हा संबंध कितपत पक्का? की डिमेन्शिया आतून सुरू झालेला असतो आणि म्हणूनच माणूस आधी खंगतो?
२. डॉक्टर नाही, यंत्रं नाहीत. बारा मीटर लांबीचा हॉल आणि चार-पाच स्वयंसेवक आहेत. एवढ्यात काय जमेल?
३. आकडा वाईट आला तर त्या माणसाला सांगायचं काय?

'बदाम खा, शब्दकोडी सोडवा' हे व्हॉट्सॲपवर रोज येतं, ते सोडून लिहा.

जनरल_मेडिसिन

पहिल्या प्रश्नातल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून तुमचे दोन्ही गट भांडत राहतील.

फ्रेल्टी मोजायच्या दोन रीती आहेत. लिंडा फ्राइड यांच्या गटाने २००१ मध्ये पाच निकष मांडले: प्रयत्न न करता वर्षात साडेचार किलो किंवा पाच टक्के वजन उतरणं, सतत थकवा, पकड कमजोर, चाल मंद, हालचाल कमी. तीन किंवा जास्त असले तर फ्रेल, एक-दोन असले तर त्या वाटेवर. दुसरी रीत कॅनडाच्या केनेथ रॉकवूड यांची. त्यात तीस-चाळीस तक्रारींची यादी घेऊन त्यातल्या किती लागू पडतात ते मोजतात. चाळीसपैकी दहा लागू झाल्या तर निर्देशांक ०.२५, आणि साधारण तिथून पुढे फ्रेल धरतात.

या दुसऱ्या रीतीने २०२४ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या चार दीर्घकालीन पाहण्यांतल्या जवळपास तीस हजार लोकांची माहिती तपासली गेली. ज्यांना पुढे डिमेन्शिया झाला त्यांची फ्रेल्टी निदानाच्या चार ते नऊ वर्षं आधीपासून भराभर वाढू लागली होती. म्हणजे तुमची शंका रास्त आहे, आजार आतून पोखरत असतानाच शरीर खंगतं. पण ज्यांची फ्रेल्टी हा वेग वाढण्याच्याही आधी मोजली होती, त्यांच्यातही जास्त फ्रेल्टी म्हणजे जास्त धोका हे नातं टिकून राहिलं. दर चार-पाच जादा तक्रारींमागे धोका सरासरी ४० टक्क्यांनी वाढलेला दिसला. हा वाढीव धोका तुलनेतला आहे. 'शंभरातल्या चाळीस फ्रेल लोकांना डिमेन्शिया होतो' असं पत्रकात छापू नका, हा घोळ वर्तमानपत्रंही करतात.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते शिकागोमधलं मेंदूदानाचं काम. २०१९ मध्ये ४५६ जणांच्या मृत्यूनंतरच्या मेंदू-तपासण्या आणि हयातीतली फ्रेल्टी ताडून पाहिली गेली. मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर, पण शरीर धडधाकट, अशा काहींना हयातीत डिमेन्शिया नव्हता. उलट खुणा थोड्या आणि शरीर जर्जर अशा काहींना होता. म्हणजे मेंदूत बिघाड किती आहे याइतकंच तो सोसायला शरीरात बळ किती आहे, यावर ठरतं.

कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत: मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होणं, मधुमेह, अंगात रेंगाळणारी सूज, नैराश्य, बाहेर जाणं बंद पडणं. शिवाय फ्रेल माणसाला साध्या लघवीच्या जंतुसंसर्गात किंवा खुब्याच्या ऑपरेशननंतर भ्रम होतो, आणि भ्रम होऊन गेलेल्यांत पुढे डिमेन्शिया जास्त आढळतो.

तुमच्या वादात माझं मत दुसऱ्या गटाला. स्मरणशक्तीची चाचणी हॉलमध्ये घेऊ नका. गोंगाटात, कमी ऐकू येणारा माणूस शब्द चुकीचे ऐकतो आणि नापास होतो. घड्याळाचं चित्र काढणं शिक्षणावर अवलंबून असतं. आणि 'तुमची बुद्धी कमी झाली' हे चारचौघांत कळलं की तो माणूस संघात यायचा थांबतो. हे तर डिमेन्शियाच्या दृष्टीने सर्वांत वाईट.

फिजिओ_कर्वेनगर

दुसरा प्रश्न माझा. टेप, मोबाइलमधलं स्टॉपवॉच, एक खुर्ची आणि चिकटपट्टी एवढ्यावर तीन मोजमापं होतात. खाली दिलेल्या सीमा आशियाई लोकांसाठी २०१९ मध्ये ठरवलेल्या आहेत. पाश्चात्त्य तक्ते वापरू नका.

चाल: मध्ये सहा मीटर आखा, अलीकडे-पलीकडे दोन-दोन मीटर मोकळे सोडा. तुमच्या हॉलमध्ये आरामात बसतं. माणूस दोन मीटर आधीपासून चालत येईल, घड्याळ पहिल्या पट्टीवर सुरू, दुसऱ्या पट्टीवर बंद. पट्टी ओलांडूनही त्याला चालत राहू द्या, नाहीतर शेवटी पाऊल मंदावतं. 'नेहमीसारखं चाला' एवढंच सांगा. 'जरा भरभर' म्हटलंत की आकडा फुकट. दोनदा घेऊन सरासरी. सहा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर चाल मंद. साडेसात सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर लवकर लक्ष द्यायला हवं. काठी वापरत असतील तर काठीसकट मोजा आणि तशी नोंद करा.

खुर्ची: बिनहातांची, बैठक जमिनीपासून साधारण ४३ ते ४५ सेंटिमीटर, पाठ भिंतीला टेकवलेली. प्लास्टिकची खुर्ची फरशीवर सरकते आणि पडणं तिथेच होतं. हात छातीवर घडी. पाच वेळा पूर्ण उभं राहायचं, पाचव्यांदा उभं राहिल्यावर वेळ बंद. बारा सेकंद किंवा जास्त म्हणजे पायांची ताकद कमी. हाताशिवाय एकदाही उठता आलं नाही तर वेळ मोजू नका, 'हाताशिवाय उठता येत नाही' हीच नोंद. एक स्वयंसेवक बाजूला उभा हवाच.

पोटरी: बसवून, पाय जमिनीवर, जाड भागी टेप न आवळता. पुरुष ३४ सेंटिमीटरच्या खाली, बायका ३३ च्या खाली असतील तर स्नायू झिजल्याची शंका. इथे फसगत अशी, की रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन घेणाऱ्यांपैकी काहींच्या पायांना सूज असते आणि पोटरी उगाच भरलेली दिसते. अंगठ्याने दाबून खड्डा पडतो का ते आधी बघा.

पकड मोजायचं यंत्र कुणाकडून मिळालं तर पुरुषांना २८ आणि बायकांना १८ किलोखाली कमी धरतात. अंगठ्याच्या सांध्याचा त्रास असेल तर तो आकडा सोडून द्या.

मंद चाल आणि सोबत 'हल्ली विसरायला होतं' ही तक्रार, पण रोजचे व्यवहार ठीक, अशी जोडी ज्यांच्यात दिसेल त्यांची यादी वेगळी करा. या जोडीला मोटोरिक कॉग्निटिव्ह रिस्क म्हणतात. नुसत्या विसराळूपणापेक्षा ही जोडी पुढचा धोका जास्त सांगते.

कोथरूडकर

हे झकास. उत्साही मंडळी म्हणतात की आमचे बरेच सभासद रोज कमला नेहरू पार्कला चकरा मारतात, त्यांना या कशाची गरज नाही. आणि वजन कमी झालेल्यांना आम्ही आजवर 'छान, हलके झालात' म्हणत आलो!

आहारतज्ज्ञ_सदाशिव

सत्तरीनंतर प्रयत्न न करता उतरलेलं वजन कौतुकाचं नसतं. त्यात चरबीबरोबर स्नायू जातो आणि तो आपोआप परत येत नाही. तुमच्याकडे जुन्या नोंदी आहेतच, त्यातून गेल्या वर्षीपेक्षा पाच टक्क्यांनी उतरलेले आधी शोधा. साठ किलोच्या माणसाला तीन किलो. हे काम तर आजच घरी बसून होईल.

ज्येष्ठांना दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५५ किलोला ५५ ते ६६ ग्रॅम. आता पेठेतलं नेहमीचं ताट मोजा: सकाळी चहा-खारी, दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ वरण आणि भात, संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री दूधभात. बेरीज तीसच्या आसपास अडकते. पातळ वरणाची वाटी तीन-चार ग्रॅमच्या वर जात नाही, ती भरभक्कम वाटते इतकंच. भर घालायला २०० मिलि दूध म्हणजे सहा-सात ग्रॅम, एक अंडं सहा, ५० ग्रॅम पनीर नऊ, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे सात-आठ, २५ ग्रॅम कोरडे सोया चंक तेरा. कवळी सैल असलेले लोक आधी भाकरी आणि दाणे सोडतात, तेव्हा दाण्याचा कूट, मऊ मुगाचं धिरडं, दह्यात कालवलेलं पीठ असं द्या. चतुर्थी-एकादशीला नुसता साबुदाणा म्हणजे प्रथिनं जवळजवळ शून्य. उपवास करायचाच तर दाणे, दूध, राजगिरा वाढवा. मूत्रपिंडाचा आजार असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही वाढवू नये.

आणि बी-१२. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, तेव्हा ६७ टक्क्यांत ते कमी निघालं होतं. शाकाहार, वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताच्या गोळ्या हे त्रिकूट ज्येष्ठांत सर्रास दिसतं. पायांना मुंग्या, अंधारात तोल जाणं, विसरणं, थकवा: या एका कमतरतेत तुमच्या तपासणीतल्या निम्म्या तक्रारी बसतात आणि इलाज स्वस्त आहे.

फिजिओ_कर्वेनगर

पार्कातल्या चकरांबद्दल: चालणं हृदयाला आणि मनाला उत्तम, पण मांडीची ताकद त्याने फारशी वाढत नाही. रोज पाऊण तास चालणारे लोकही खुर्चीच्या चाचणीत बारा सेकंदांपुढे जातात, मग त्यांचाच चेहरा बघण्यासारखा होतो.

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून: खुर्चीतून उठ-बस ८ ते १० वेळा, असे दोन फेरे. ओट्याला धरून टाचा उचलणं १० वेळा, दोन फेरे. एका पावलापुढे दुसरं पाऊल टाच-बोट जोडून उभं राहणं, दहा सेकंद, भिंतीजवळ. उतरताना खाली तीन सेकंद मोजत सावकाश बसायचं, ताकद तिथे तयार होते. दहा वेळा सहज जमू लागलं की हातात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घ्या. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, व्यायाम बंद करू नका. सगळ्यात जास्त चुकतं ते श्वास रोखून उठणं, त्याने रक्तदाब उसळतो. मोठ्याने आकडे मोजायला लावा म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो. आणि सपाता घालून नाही.

जुन्या बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांना एक प्रश्न जरूर विचारा: 'गेल्या आठवड्यात किती वेळा खाली उतरलात?' जिना सुटला की भाजी, बँक, संघ सगळं सुटतं.

जनरल_मेडिसिन

वरच्याला एक पाचर मारतो. व्यायामाने डिमेन्शिया टळतो असं वचन देऊ नका. अमेरिकेतल्या लाइफ या चाचणीत ७० ते ८९ वयाच्या १,६३५ लोकांपैकी साधारण निम्म्यांना दोन वर्षं व्यायाम दिला. चालण्याची क्षमता जास्त टिकली, पण स्मरणशक्तीच्या चाचण्यांत फरक पडला नाही. पाय टिकणं हाच पुरेसा मोठा फायदा आहे. तेवढंच सांगा.

केमिस्ट_नारायणपेठ

गोळ्यांकडे कुणीच आलं नाही म्हणून लिहितो. तपासणीच्या दिवशी प्रत्येकाला घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत आणायला सांगा, आयुर्वेदिक आणि 'शेजाऱ्यांनी दिलेल्या'सुद्धा.

ॲमिट्रिप्टिलीन, ऑक्सिब्युटिनिन, ट्रायहेक्सीफेनिडिल, हायड्रॉक्सिझिन आणि सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन यांनी म्हाताऱ्या माणसाला गोंधळायला होतं, तोंड कोरडं पडतं, लघवी अडते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम यांनी तोल जातो आणि दिवसा गुंगी राहते. पण झोपेची गोळी एका रात्रीत बंद करायला सांगू नका, झटका येऊ शकतो. ती डॉक्टरच हळूहळू उतरवतात.

वजन उतरलं तरी गोळ्यांचा डोस जुनाच राहतो, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड घेणारा माणूस रात्री नुसतं ताक पिऊन झोपला तर पहाटे साखर पडते, आणि सकाळचं ते बावचळणं घरच्यांना विसराळूपणा वाटतं. फ्रेल माणसाला तीन महिन्यांची सरासरी साखर सातच्या आत आणायचा अट्टहास नको, बऱ्याचदा आठपर्यंत चालते. हा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचा, पण प्रश्न विचारायला काय हरकत आहे.

रक्तदाब घेणारच आहात तर पाच मिनिटं आडवं करून एकदा, उभं केल्यावर एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर नोंद करा. सतरंजी लागेल तेवढी.

जनरल_मेडिसिन

तिसरा प्रश्न राहिला. निकाल एकेकट्याला, बाजूला बसवून. 'तुम्ही फ्रेल आहात' किंवा 'डिमेन्शियाचा धोका' असले शब्द न वापरता कागदावर आकडे लिहून द्या: चाल आठ सेकंद, अपेक्षा सहाच्या आत. खुर्ची सोळा सेकंद. वजन ६२ वरून ५७. खाली एक ओळ: 'कृपया हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, किडनी आणि चालू औषधं तपासावीत.' असा कागद घेऊन आलेला पेशंट कुठल्याही फॅमिली डॉक्टरला आवडतो. हल्ली कशातच रस वाटत नाही का, हेही विचारा. नैराश्यात चाल मंदावते आणि विसरायलाही होतं.

घरच्यांशी त्या व्यक्तीच्या परवानगीनेच बोला. त्यांना दोनच गोष्टी विचारा: बँकेचे, गोळ्यांचे, बसचे व्यवहार गेल्या वर्षासारखेच जमतात का, आणि ओळखीच्या रस्त्यावर चुकले का. दोन्हींपैकी एकाचंही उत्तर काळजीचं असेल तर थेट न्यूरॉलॉजिस्ट किंवा वृद्धांचे आजार पाहणाऱ्या डॉक्टरांकडे, जाण्याआधी कान तपासून.

फिजिओ_कर्वेनगर

पुढचं मोजमाप सहा महिन्यांनी. खुर्ची तीच ठेवा आणि पायात काय होतं ते कागदावर लिहा, नाहीतर दोन आकड्यांची तुलनाच करता येणार नाही. पावसाळ्यात घेणार असाल तर हॉलच्या दारातली ओली फरशी आधी पुसून घ्या.