'लेट्स गो टू प्रिझन' : अर्धंच पटलं

या अमेरिकन विनोदी सिनेमाबद्दल इथल्या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, "सगळा सिनेमा साबणाच्या एकाच विनोदावर चाललाय" (म्हणजे तुरुंगात आंघोळ करताना साबण उचलायला वाकलं की बलात्कार, हा तो विनोद). हे मत अर्धंच पटलं. विनोद आचरट आहेत, वादच नाही. शिवाय तुरुंगातले बलात्कार रोखायला अमेरिकेने २००३ मध्ये वेगळा कायदा केला आणि २००६ मध्ये हा सिनेमा अशा बलात्कारांवरच खिदळतो! पण बॅरीचं पात्र बघा. हा धिप्पाड कैदी नवख्याला दमदाटी करत नाही, गोड बोलून कोठडीतच बनवलेली वाइन पाजतो. शाय मॅकब्राइड या नटाने ते इतक्या गंभीर चेहऱ्याने केलंय की घाण वाटता वाटता हसू फुटतं. सूडाचं कथानक मात्र पार ढेपाळलंय. शिक्षा देणारा न्यायाधीश मेला म्हणून कैद्याने त्याच्या पोराला तुरुंगात अडकवायचं, ही कल्पना खरं तर भन्नाट होती.

इथे कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो, याचा आधार कादंबरी नाही. जिम हॉगशायरचं तुरुंगात कसं निभवायचं ते सांगणारं पुस्तक आहे. आणि चित्रीकरण इलिनॉयमधल्या जोलिएटच्या खऱ्याखुऱ्या तुरुंगात झालं, जो २००२ मध्ये बंद पडला होता. त्यामुळे निदान भिंती तरी अस्सल आहेत. दिग्दर्शक बॉब ओडेनकर्क. हो, तोच, 'ब्रेकिंग बॅड' मालिकेत वकील सॉल गुडमन झालेला!