काफू: धावपटू की बचावपटू?

प्रश्न (खेळवेडा): ब्राझीलचा फुटबॉलपटू, उजव्या बाजूचा बचावपटू काफू याचं नाव निघालं की सगळे त्याच्या धावण्याबद्दलच बोलतात. बचावात तो कसा होता?

ढगेकाका: अहो, सलग तीन विश्वचषक फायनल खेळलेला तो एकटाच! १९९४च्या फायनलला संघातला जोर्जिन्यो जखमी झाला म्हणून विसाव्या-बाविसाव्या मिनिटाला आत आला, आणि समोर इटली. ब्राझीलने १२० मिनिटांत एकही गोल खाल्ला नाही. कच्च्या बचावपटूचं हे काम नव्हे.

उजवी_बाजू: काकांशी सहमत, पण अर्धाच. इटलीतल्या रोमा क्लबात प्रशिक्षक कापेल्लोने मागे बचावाला तिघेच ठेवले, म्हणून उजवी पट्टी पूर्ण याच्या एकट्याच्या अंगावर. २००१ला इटलीची लीग जिंकली ती याच रचनेत. बॉल गेला की पळत मागे यायचा, तेही तोंड वाकडं न करता. पुढे मिलान क्लबात मात्र वय जाणवायचं. मागे नेस्ता, माल्दिनी हे पक्के बचावपटू होते म्हणून निभावलं.

खेळवेडा: मग ब्राझीलचाच डाव्या बाजूचा बचावपटू रॉबेर्तो कार्लोस, त्याच्यापेक्षा सरस?

ढगेकाका: बचावात, डोळे झाकून. कार्लोस फ्री किकवर भाव खाऊन गेला. २००२च्या विश्वचषकात कप्तान कोण होता? काफूच! शर्टवर आपल्या वस्तीचं, जार्दिम इरेनेचं नाव लिहून कप उचलला पठ्ठ्याने!

उजवी_बाजू: काका, शर्टाने बचाव होत नाही :)