मुलगा १० वर्षांचा, टॉम हॉलंडचं वेड. डान्स/अ‍ॅक्टिंगचा क्लास सुचवा (लंडनजवळ स्लाउ, महिना ६० पौंड)

स्लाउची_आई
नमस्कार मंडळी. आधी वेड फक्त सोफ्यावरून उड्या मारायचं होतं. मग कुठून तरी त्याला कळलं की स्पायडर-मॅन व्हायच्या आधी टॉम हॉलंड लंडनच्या स्टेजवर नाचायचा, बिली इलियट म्युझिकलमध्ये (बॅले शिकणाऱ्या बिली नावाच्या मुलाची गोष्ट), आणि तेव्हापासून रोज "आई मला पण" चालू आहे. मी वाचलं की विम्बल्डनच्या एका हिपहॉप क्लासमधला हा मुलगा, २००६ मध्ये रिचमंडच्या डान्स फेस्टिव्हलला नाचताना लिन पेज या कोरिओग्राफर बाईंच्या नजरेत भरला, तेव्हा तो दहाचाच होता. आमचा आत्ता मार्चमध्ये दहाचा झाला, म्हणजे उशीर झाला का अशी धाकधूक आहे. बॅले, टॅप (बुटांनी ताल वाजवायचा नाच), अ‍ॅक्टिंग, जिम्नॅस्टिक्स, आधी काय लावू? महिना ६० पौंडांच्या वर खरंच जमणार नाही, धाकटीची नर्सरी आहे. गाडी नवरा नेतो त्यामुळे बसने जाता येईल असंच सांगा.

क्रॉयडनकर
डोळे झाकून ब्रिट स्कूल, क्रॉयडनची नाच-नाटक शिकवणारी शाळा. टॉम तिथलाच. एक पैसा फी नाही, सरकारी शाळा आहे. आमची भाची तिथे आहे, तिचं स्टेजवरचं उभं राहणंच बदललं, घरी येणारे पाहुणे विचारतात ही तीच का.

स्लाउची_आई
दादा, ते १४ पासून आहे ना? आणि क्रॉयडन आमच्यापासून केवढं लांब.

क्रॉयडनकर
हो १४ पासून. पण आत्तापासून डोक्यात ठेवा, ऑडिशन असते. आम्ही तर भाचीसाठी घर बदललं.

तीन_मुलांचा_बाबा
बॅले. बाकी काही नको. बिलीसाठी टॉमला दोन वर्षं घासून घेतलं, बॅले टॅप अ‍ॅक्रोबॅटिक्स सगळं, आठ ऑडिशन झाल्या, मग व्हिक्टोरिया पॅलेसच्या स्टेजवर आला. आमच्या मोठ्याला मी प्रायव्हेट टीचर लावलीय, तासाला ३५ पौंड, आठवड्यातून दोनदा, पण पायाची ठेवण बघा त्याची. पैसे बघू नका ताई, पाया महत्त्वाचा.

नाट्यवेडी
आधी बिली नव्हता तो, मायकल होता, बिलीचा मित्र. जून २००८ मध्ये मायकल म्हणून उतरला आणि सप्टेंबरमध्ये बिली झाला, मे २०१० पर्यंत केलं. आणि महिन्याचं बजेट ६० सांगितलंय त्यांनी, तुम्ही आठवड्याचे ७० सांगताय.

तीन_मुलांचा_बाबा
मायकल काय बिली काय, दोन वर्षं ट्रेनिंग झालं हे खरं ना? तेच म्हणतोय मी.

हाउन्स्लो_मावशी
बॅलेबद्दल एक सांगते. माझ्या मुलाने सहा महिने केलं आणि शाळेत पोरांनी जीव नकोसा केला त्याचा, बॅग लपवायचे, टाइट्सवरून चिडवायचे. शेवटी त्याने स्वतःच सोडलं आणि मला आजही वाईट वाटतं की मी शाळेत जाऊन भांडले नाही. टॉमलाही शाळेत असाच त्रास झाला होता, त्याने मुलाखतींमध्ये सांगितलंय, शाळेच्या जिममध्ये बॅलेचा सराव करायचा आणि पोरं काचेतून बघायची. तो टिकला, सगळी टिकत नाहीत. आधी मुलाला विचारा की वर्गात कळलं तर चालेल का.

लंडन_बसवाला
मी २०२४ ला टॉमच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट' नाटकाचं तिकीट काढायला सकाळी ऑनलाइन रांगेत बसलो होतो, ऑफिसची मीटिंग बुडवून. रांग हलेचना, आणि हलली तेव्हा सगळं संपलं होतं. ड्यूक ऑफ यॉर्क्स छोटं थिएटर आहे, त्यांनी मोठं घ्यायला हवं होतं. मे ते ऑगस्ट एवढंच चाललं वर.

नाट्यवेडी
मी बघितलं! अगदी वरच्या गॅलरीतून, गुडघे समोरच्या सीटला टेकलेले. जेमी लॉइडचं दिग्दर्शन, सेट जवळपास नाहीच, सगळे काळ्या कपड्यांत, तोंडाशी माइक, आणि कॅमेरावाला नटांच्या मागे मागे फिरतोय, चेहरे मोठ्या पडद्यावर. टॉम मधेच थिएटरच्या छपरावर दिसतो. मला आधी वाटलं हे नाटक की सिनेमा, पण एवढ्या वरून त्याचे डोळे दिसले ते त्या पडद्यामुळेच. आणि ज्युलिएट झालेली फ्रान्सेस्का अमेवुडा-रिव्हर्स! तिला नाटक सुरू व्हायच्या आधीच रंगावरून इतक्या घाणेरड्या शिव्या दिल्या लोकांनी की ८०० हून जास्त कलाकारांनी तिच्या बाजूने जाहीर पत्र लिहिलं. मुलांना या लाइनमध्ये घालताना हेही माहीत असावं.

लंडन_बसवाला
गुडघे टेकले तरी बघायला मिळालं तुम्हाला.

सातारा_ते_साउथहॉल
ताई माझं ऐका, एजंटच्या नादाला लागू नका. शॉपिंग सेंटरमध्ये एक बाई भेटली, म्हणाली तुमच्या मुलीचा चेहरा कॅमेऱ्याचा आहे. पोर्टफोलिओच्या नावाखाली ६५० पौंड घेतले आमचे, चार फोटो दिले, त्यानंतर फोनच उचलला नाही. दोन वर्षं झाली, एक जाहिरात नाही. मिस्टर अजून ऐकवतात.

पडद्यामागची
मी लायसन्स असलेली शॅपरोन आहे, थिएटरमधल्या मुलांबरोबर असते, म्हणून जरा लांब लिहिते. वरच्या ताईंचं बरोबर, खरा एजंट आधी पैसे मागत नाही, काम मिळालं की त्यातून कमिशन कापतो, हे एवढं लक्षात ठेवलंत तरी निम्मे फसवे लोक गळतात. दुसरं, मुलाने पैसे घेऊन काम करायचं किंवा त्यासाठी शाळा बुडणार असेल तर आपल्या काउन्सिलचं परफॉर्मन्स लायसन्स लागतं, ते काढणं प्रॉडक्शनवाल्यांचं काम. मुलांना किती तास, किती दिवस काम द्यायचं याला मर्यादा आहे, म्हणूनच बिलीसारखा एकच रोल तीन-चार मुलं आलटून पालटून करतात. आणि हे रोल वाढीबरोबर जातात. उंची वाढली, आवाज फुटला की संपलं. मी विंगेत रडणारी मुलं धरून बसलेय. म्हणून ताई, "दहाला हेरला" हे मनावर घेऊ नका. टॉमचं बघा ना, बिली संपल्यावर नशिबाने द इम्पॉसिबल मिळाला, २०१२ चा, त्सुनामीवरचा, त्यात त्याने त्या वयात जे काम केलंय ते मी दर वेळी रडत बघते. पण त्यानंतर मधे कामं मिळेनात तेव्हा आईने त्याला कार्डिफला सुतारकाम शिकायला पाठवलं होतं. स्पायडर-मॅन मिळाला २०१५ मध्ये, १९ वर्षांचा होता. म्हणजे हेरल्यापासून नऊ वर्षं.

क्रॉयडनकर
मधे ब्रिट स्कूल पण झालं, ते राहिलं लिहायचं.

तीन_मुलांचा_बाबा
आणि दोन वर्षं ट्रेनिंग.

गणिताचे_सर
सुतारकाम उत्तम. पण त्याआधी ११ प्लस, म्हणजे ग्रामर स्कूलची प्रवेश परीक्षा. स्लाउला अशा निवडून मुलं घेणाऱ्या सरकारी शाळा आहेत, मुलगा दहाचा आहे, हे वर्ष नाचात घालवू नका. माझ्या मुलाला मी दोन वर्षं रोज दीड तास बसवलं आणि तो लागला.

हाउन्स्लो_मावशी
सर, त्यांनी क्लास विचारलाय डान्सचा. आणि टॉमला लहानपणीच डिस्लेक्सिया निघाला होता, सगळ्या मुलांचं परीक्षेनेच भलं होतं असं नाही.

गणिताचे_सर
काळजीने सांगितलं. परीक्षा सप्टेंबरमध्ये असते, नाव आधी नोंदवावं लागतं, एवढं तरी बघून ठेवा.

मंडळाचा_कार्यकर्ता
डॉलिस हिलला आपलं महाराष्ट्र मंडळ आहे, तिथे कार्यक्रमांत मुलांना स्टेज मिळतं. माझी मुलगी गणपतीत पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा वाक्य विसरली, पुढच्या वर्षी अख्खं नाटुकलं पाठ. स्टेजची भीती जाणं यासारखं दुसरं शिक्षण नाही.

पडद्यामागची
क्लासचं राहिलंच. टॅप लावा आधी. ताल पक्का होतो, शूज सेकंडहँड मिळतात, आणि चर्चच्या हॉलमध्ये टर्मच्या फीवर चालणारे वर्ग तुमच्या बजेटात बसतील. एक ट्रायल मागा, शक्यतो फुकट देतात. जिम्नॅस्टिक्स आत्ता नको, मनगटं-गुडघे दुखवून घेतात मुलं, डान्स जमला की मग.

नाट्यवेडी
टॅपला +१.

तीन_मुलांचा_बाबा
बॅले. पण जिम्नॅस्टिक्स नको हे मान्य.

हाउन्स्लो_मावशी
जिम्नॅस्टिक्समध्ये आमच्या शेजारच्या मुलीचा हात मोडला. टॅपच लावा.

स्लाउची_आई
तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. सगळ्यांचं दोनदा वाचलं, पडद्यामागची ताईंचं नवऱ्यालाही वाचून दाखवलं. एजंटचा विषय आमच्यापुरता संपला. सर, ११ प्लसची तारीख बघितली, थँक्यू. मावशी, मुलाला विचारलं, तो म्हणाला कळू दे वर्गात, मी उडी मारून दाखवेन.

टॅपची ट्रायल केली. पाऊण तास भिंतीला टेकून उभा राहिला, बस स्टॉपवर रडला. परत येताना लेझर सेंटरमध्ये (खेळ-व्यायामाच्या केंद्रात) जिम्नॅस्टिक्सचा वर्ग चालू होता, काचेला नाक लावून बसला, उठेचना. तिथल्या सरांनी आत बोलावलं, गादीवर दोन कोलांट्या मारल्या आणि त्याचा चेहरा मी इतका उजळलेला बघितलाच नव्हता. रात्री मला सांगतो, टॉमने पण मार्व्हलला, म्हणजे स्पायडर-मॅनच्या सिनेमावाल्यांना, स्वतःच्या उड्यांचे व्हिडिओ पाठवले होते. तर जिम्नॅस्टिक्स लावलंय, महिना ३८ पौंड, ८१ नंबरची बस दाराशी थांबते. तुम्ही सगळ्यांनी नको म्हटलंत हे माहीत आहे.

पडद्यामागची
काही हरकत नाही गं. फक्त मनगटाला पट्टी लागेल का ते सरांना विचार, आणि घरी सोफ्यावरून अजिबात नको. उरलेले २२ पौंड बाजूला टाक, वर्षभराने टॅप स्वतःहून मागेल बघ.

लंडन_बसवाला
८१ शनिवारी उशिरा येते, दहा मिनिटं आधी निघा.