मदत हवी आहे: सीए फर्ममध्ये पहिली नोकरी कशी मिळवावी?

नमस्कार. मी सांगलीत राहते. बी.कॉम. पूर्ण झाले असून सीएच्या कार्यालयात लेखापरीक्षणाचे काम शिकण्याची माझी मनापासून इच्छा आहे. परंतु जिथे चौकशी करावी तिथे आधी अनुभव विचारला जातो, आणि कुणी संधीच दिली नाही तर तो अनुभव आणायचा कुठून, हे समजत नाही.

सध्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत दुकानात मी हिशेब पाहते. टॅलीमध्ये सौदापट्ट्यांच्या नोंदी करणे, खरेदीची बिले जीएसटीआर-२बी शी (जीएसटी पोर्टलवर दिसणाऱ्या खरेदी बिलांच्या मासिक विवरणाशी) ताडून पाहणे आणि न जुळलेल्या बिलांसाठी व्यापाऱ्यांना फोन करणे, हे काम मी स्वतः करते. ते लेखापरीक्षणातला अनुभव म्हणून धरले जाईल का, आणि अर्जात कसे मांडावे?

दुसरा प्रश्न मला अधिक छळतो. वाणिज्य पदवीला ५५ टक्के गुण असल्यास फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता सीए इंटरमिजिएट या पुढच्या टप्प्याला थेट प्रवेश मिळतो आणि माझे गुण तेवढे आहेत. मात्र सीए अभ्यासक्रमाच्या नव्या योजनेत इंटरमिजिएटचे दोन्ही ग्रुप (विषयगट) उत्तीर्ण झाल्यावरच दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचे प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, सुरू होते. घरची परिस्थिती पाहता तोवर पगार हवाच. अशा वेळी सहायक म्हणून रुजू होऊन अभ्यास करणे झेपते का?

कर लेखापरीक्षण अहवालाची मुदत साधारणतः ३० सप्टेंबर असते, म्हणून जून-जुलैत माणसे घेतली जात असावीत, असा माझा अंदाज आहे. सांगली-मिरजेतील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.