घाटाला लागण्याआधी डिझेलचे पैसे रोखच द्यावेत, असं माझं ठाम मत

कोकणवाट :
शिमग्याला गावी जात होतो. पुणे, कोल्हापूर, गगनबावडा, करूळ घाट, पुढे देवगड, असा नेहमीचा रस्ता. गाडीत मी, बायको, मुलगी आणि आई. घाटाच्या अलीकडे एका पंपावर टाकी फुल्ल केली. मीटर ३,९४० रुपयांवर थांबलं. कार्ड दिलं, मशीन बराच वेळ अडकलं आणि व्यवहार नाकारल्याची चिठ्ठी बाहेर आली. दुसरं कार्ड दिलं, तेच. मग यूपीआय केलं. माझ्या खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आला, पण पंपावरचा स्पीकर काही बोलेना.

डिझेल भरणारा पोरगा विशीतला. उद्धट अजिबात नव्हता. "साहेब, पैसे आले नाहीत तर माझ्या पगारातून कापतात," एवढंच तो म्हणत होता आणि दर मिनिटाला स्पीकरकडे बघत होता. मागे गाड्या हॉर्न वाजवत होत्या. पाऊण तास असा गेला. शेवटी आईने कमरेचा बटवा सोडला. पालखीची वर्गणी आणि देवीच्या ओटीसाठी आणलेले पैसे, चार घड्या घातलेल्या पाचशेच्या सात नोटा. वरचे ४४० माझ्या खिशात निघाले. वर्गणी द्यायला आईला गावात शेजाऱ्यांकडून उसने घ्यावे लागले. त्याचं मला आजही वाईट वाटतं. माझे पैसे चौथ्या दिवशी खात्यात परत आले, पण पालखी तोवर दारावरून गेली होती.

दुकानात मशीन बंद असेल तर वस्तू परत ठेवून निघता येतं. टाकीत गेलेलं डिझेल कुठे परत ठेवणार? म्हणून सांगतो, लांबच्या प्रवासात निदान एका टाकीचे पैसे नोटांत जवळ असलेच पाहिजेत, आणि घाटापाशी, आडरस्त्याला ते नोटांतच द्यावेत. मतं सांगा.

तीन टेम्पो :
आईंची गोष्ट वाचून वाईट वाटलं, पण मी पूर्ण विरोधात आहे. माझे तीन टेम्पो आहेत. मिरजेहून वाशी मार्केटला माल जातो. एका फेरीला नव्वदेक लिटर डिझेल. सहा वर्षं मी ड्रायव्हरच्या हातात रोख देत होतो आणि फेरी संपली की पावती घेत होतो. पावती हाताने लिहिलेली. एकदा तीन वेगवेगळ्या तारखांच्या पावत्या एकाच पेनाने, एकाच अक्षरात लिहिलेल्या दिसल्या, आणि पुस्तकातला त्यांचा नंबरही ओळीने होता. ॲव्हरेज काढलं तर फेरीमागे सात-आठ लिटरची तूट. एक ड्रायव्हर तर मी सख्ख्या भावासारखा मानत होतो.

दुसरं कारण कायद्याचं. एका दिवसात एकाच पंपाला १०,००० रुपयांवर रोख दिले, तर आयकरात तो धंद्याचा खर्च म्हणून धरला जात नाही. माझ्या दोन गाड्यांनी सकाळी एकाच पंपावर टाकी भरली की आकडा ओलांडलाच. आता फ्लीट कार्ड आहे. किती लिटर, किती वाजता, कोणत्या पंपावर, सगळं माझ्या फोनवर येतं. रोखीकडे मी परत जाणार नाही.

चौदाचाकी :
शेठ, तुम्ही मालकाच्या बाजूने बोललात, मी गाडीतल्या माणसाच्या बाजूने बोलतो. मी जालन्याहून लोखंडी सळ्या घेऊन सोलापूरकडे जातो. मालकाने कार्ड दिलंय, ते एकाच कंपनीच्या पंपावर चालतं. ओटीपी मालकाच्या फोनवर. रात्री अडीचला येडशीच्या पुढे काटा खाली आला. त्या कंपनीचा पंप गाठला आणि मालकाला फोन लावला. एकोणीस वेळा. उचलला नाही. पंपवाल्याचा दोष नव्हता, ओटीपीशिवाय तो तरी काय करणार. वाटलं, पुढच्या पंपापर्यंत फोन लागेल. गाडी वाटेतच बंद पडली.

पेट्रोलची गाडी कोरडी पडली तर बाटलीभर आणून ओतलं की चालू होते. डिझेलचं तसं नसतं. लाइनमध्ये हवा शिरते. नुसतं डिझेल ओतून सेल मारत बसलात तर बॅटरी उतरते, गाडी उठत नाही. फिल्टरपाशी नट ढिला करायचा, हातपंप मारत राहायचं, फेसाळ डिझेल येणं थांबून सलग धार आली की नट आवळायचा. हे मी मोबाइलच्या उजेडात केलं. मागून पंचवीस-तीस टनांच्या गाड्या ऐंशीच्या वेगाने जात होत्या, आणि रिफ्लेक्टर म्हणून मागे झाडाची फांदी ठेवली होती. त्या रात्री माझ्या खिशात दोन हजार रोख असते तर ही वेळ आली नसती.

आणि एक सांगतो. दोन जण चोर निघाले म्हणून सगळ्या ड्रायव्हरांच्या हातातून पैसा काढून घेतला, हे मनाला लागतं.

तीन टेम्पो :
दादा, हे मी आजवर या बाजूने बघितलंच नव्हतं. ओटीपीसाठी रात्री फोन येतात, मी कधी कधी सायलेंट करून झोपतो. पण रोख जवळ असण्याचा धोकाही बघा. माझ्या एका ड्रायव्हरला ढाब्यावर झोपेत लुटलं. साडेआठ हजार गेले आणि हातावर चाकूचा वार बसला तो वेगळाच. पैसे गेल्याचं काही नाही. त्याच्याकडे रोकड असते हे लोकांना ठाऊक होतं, म्हणून तो वार झाला.

स्टिअरिंग माझ्या हाती :
या मुद्द्यावर मला बोलायचंय. मी कामानिमित्त एकटी गाडी चालवते, संभाजीनगर-नाशिक-धुळे या पट्ट्यात. रात्री नऊला पंपावर खिडकी खाली करून पर्स उघडायची आणि नोटा मोजायच्या, आजूबाजूला पाच जण उभे, हे मी करणार नाही. यूपीआयही मला पंपावर नको वाटतं. बऱ्याच जणांच्या यूपीआय आयडीतच मोबाइल नंबर असतो, आणि तो अनोळखी माणसापर्यंत का जावा? कार्ड मशीनला टेकवलं की ५,००० पर्यंत पिनसुद्धा लागत नाही. कार्ड मी हातातून सोडत नाही, मशीन खिडकीपाशी मागवते. कोकणवाट, तुमच्या आईंचा बटवा त्या दिवशी कामी आला, पण तोच बटवा सगळ्यांसमोर उघडायची वेळ माझ्यासारखीवर यावी असं तुम्हालाही वाटणार नाही.

कोकणवाट :
ताई, हे मान्य. मी माझ्या गाडीत भरलेल्या कुटुंबासकट विचार करत होतो, एकटीने जाणाऱ्या बाईचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. पण घाटात रेंज नसेल तेव्हा तुम्ही काय करता?

स्टिअरिंग माझ्या हाती :
टाकी अर्ध्याखाली जाऊच देत नाही. शहरातून निघतानाच भरते. डॅशबोर्डच्या कप्प्यात पाचशेच्या चार नोटा असतात, पण त्या गाडी पंक्चर झाली तर म्हणून. डिझेलसाठी अजून लागलेल्या नाहीत.

हिशेबी :
पैशांच्या बाजूने थोडं. डिसेंबर २०१६ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी कार्डाने पैसे देणाऱ्याला ०.७५ टक्के सूट सुरू केली. क्रेडिट कार्डावरची ती सूट १ ऑक्टोबर २०१९ पासून बंद झाली. आज बहुतेक क्रेडिट कार्डांवर साधारण १ टक्का इंधन अधिभार लागतो, तो ठरावीक रकमेच्या मर्यादेत परत मिळतो, पण त्यावरचा १८ टक्के जीएसटी परत मिळत नाही. म्हणजे ४,००० च्या डिझेलवर ४० रुपये कापून परत आले, तरी ७ रुपये २० पैसे गेलेच. महिन्यातून आठ वेळा भरणाऱ्याने हे स्टेटमेंटमध्ये बघावं.

कोकणवाट यांच्यासाठी : खात्यातून पैसे गेले आणि दुकानदाराला पोचले नाहीत, तर बँकेने व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपणहून परत करायचे असतात. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. तुमचे चौथ्या दिवशी आले म्हणजे मुदतीत आले.

कोकणवाट :
नियमाने मुदतीत आले असतील. पालखीची मुदत त्या नियमात कुठे बसते?

पंपावरचा :
अकरा वर्षं पंपावर शिफ्ट सांभाळतोय, म्हणून लिहितो. आम्ही गाडी अडवतो तेव्हा लोकांना तो अपमान वाटतो. पण नुसता स्क्रीनशॉट दाखवून निघून गेलेल्या गाड्या मी मोजल्या आहेत. पैसे गेल्याचा हिरवा पडदा हुबेहूब दाखवणारी खोटी ॲप्स आहेत. शिफ्टचा हिशेब नोझलच्या रीडिंगवर लागतो, आणि कमी पडलेले पैसे भरणाऱ्या पोराकडून घेणारे मालक आहेत. हे चूक आहे, मी भांडलोही आहे, पण आहे.

रोख म्हणजे आम्हाला सोपं, असं समजू नका. नोव्हेंबर २०१६ मध्ये जुन्या पाचशेच्या नोटा पंपावर २ डिसेंबरपर्यंत चालत होत्या. लोक शंभरचं डिझेल भरून पाचशेची नोट पुढे करायचे. सुट्टे आणायचे कुठून? मे २०२३ मध्ये दोन हजारच्या नोटा परत घ्यायचं जाहीर झालं, तेव्हाही तेच. खोटी नोट आली की बँक ती ठेवून घेते आणि भुर्दंड आमच्यावर.

पण डिजिटलमध्येही आम्ही पोळलोय. जानेवारी २०१७ मध्ये बँकांनी कार्डावर पंपांकडून १ टक्का घ्यायचं ठरवलं, तेव्हा पंपचालकांनी कार्डच बंद करण्याचा इशारा दिला होता. आणि मे २०२५ मध्ये आपल्याच राज्यात काही भागांतल्या पंपचालकांनी १० तारखेपासून डिजिटल पैसे घेणार नाही असं जाहीर केलं होतं, नंतर ते मागे पडलं. कारण विचारा. कुणीतरी सायबर फसवणुकीतले पैसे वापरून डिझेल भरतो, तक्रार होते, आणि पैसे ज्या खात्यात आले ते पंपाचं खातं गोठतं. त्या खात्यातून दुसऱ्या दिवशी टँकरचे पैसे भरायचे असतात. टँकर आला नाही की पंप कोरडा.

मला कशानेही द्या, पण नोझल टाकीत घालण्याआधी एक प्रश्न विचारा : "मशीन चालू आहे का?" आमच्या पोरांना मी हेच शिकवलंय, की रेंज नसेल तर गाडी लागताक्षणी सांगायचं. झिरो बघायला सांगतो तसंच हेही सांगायचं. कोकणवाट, तुमच्या वेळी त्या पोराने आधी सांगायला हवं होतं. दोन व्यवहार नाकारले जाईपर्यंत तो गप्प राहिला, ती चूक त्याची.

कोकणवाट :
हे कुणीतरी पंपाच्या बाजूने कबूल केलं, बरं वाटलं. मीही त्याला विचारलं नव्हतं. तरी रोखीचा माझा आग्रह मी सोडत नाही. १२ एप्रिल २०२५ च्या शनिवारी देशभर यूपीआय अडकलं होतं, ते भर शहरातसुद्धा. त्या दिवशी पंपावरच्या मशीनला रेंज असून उपयोग नव्हता.

हिशेबी :
त्या दिवशी कार्डं मात्र चालू होती. एकाच साधनावर विसंबू नका, हे म्हणा. रोखच द्या असं का?

कोकणवाट :
कारण नोटेला सर्व्हर लागत नाही, आणि समोरच्या पोराला स्पीकरकडे बघत उभं राहावं लागत नाही. मी त्याचा चेहरा विसरलेलो नाही.

तीन टेम्पो :
दोन दिवस विचार करून लिहितोय. चौदाचाकी दादा, काल तिन्ही गाड्यांत दोन-दोन हजारांचं पाकीट ठेवलं. सीटखालच्या टूलबॉक्समध्ये, ड्रायव्हर आणि मी सोडून कुणाला माहीत नाही. कार्ड चाललं नाही तरच काढायचं. पंपाच्या मशीनची छापील पावती त्याच पाकिटात ठेवायची, मी परत भरून ठेवणार. बाकी डिझेल कार्डावरच. आणि ओटीपीसाठी रात्री घरातला दुसरा नंबरही जोडून देता येतो का, ते कंपनीला विचारलंय.

चौदाचाकी :
शेठ, तुमच्या ड्रायव्हरांनी पाकीट बघितल्यावर काय म्हटलं?

तीन टेम्पो :
एकाने नोटा मोजून माझ्यासमोर वहीत सही केली. मी सही मागितली नव्हती.